आडनावाआधी मळा आणि जहाज शोधा: कॅरिबियन घराण्याची वंशावळ कशी लावावी

वेस्ट इंडीजच्या क्रिकेटमुळे मराठी माणसाला कॅरिबियन आडनावे अनोळखी नाहीत. नरीन, चंद्रपॉल, सरवान, बिशू, पूरन ऐकले की नारायण, चंद्रपाल, श्रवण, विष्णू, पूर्ण ही आपली नावे कानात उमटतात. लॉईड, रिचर्ड्‌स, कॅम्पबेल ऐकले की इंग्लंड-स्कॉटलंड आठवते. दोन्ही गटांत एक गोष्ट सारखी आहे. यातली बहुतेक आडनावे त्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या चालवत आणलेली नव्हेत. एखाद्या कारकुनाने, पाद्र्याने किंवा मळ्याच्या मॅनेजरने ती एका ठरावीक दिवशी वहीत लिहिली आणि तिथून पुढे ती घराण्याला चिकटली.

म्हणून आपल्याकडे वंशावळ लावताना आडनाव, कुलदैवत, मूळ गाव असे धरून मागे जातात, तसे कॅरिबियनमध्ये जाता येत नाही. तिथे आडनाव घराण्याला चिकटेपर्यंत दोन-तीन पिढ्यांत अनेकदा बदललेले असू शकते. त्यामानाने स्थिर राहणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: उसाचा मळा, पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून पडलेला प्रशासकीय विभाग), जहाजाचे नाव आणि मजुराचा नोंदणी क्रमांक. सगळा शोध या चार खुंट्यांभोवती बांधायचा. आडनावाचा उगम त्यातून आपोआप उलगडतो. आधी आडनावाच्या मागे लागलात, तर बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचे घराणे हाती लागते.

घरातली कामे आधी

पहिली ८०-१०० वर्षे दप्तरखान्यात नव्हे, घरात सापडतात. सर्वांत वयस्क माणसापासून सुरुवात करा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. “आपले मूळ कुठले?” असे विचारले तर “आफ्रिका” किंवा “इंडिया” एवढेच उत्तर मिळते. नेमके प्रश्न विचारा. आजीचे आईवडील कोणत्या मळ्यावर कामाला होते? कोणत्या चर्चमध्ये, मंदिरात किंवा मशिदीत जात? दफन किंवा दहन कुठे झाले? जमिनीचा तुकडा कोणाच्या नावावर होता? बाप्तिस्म्याला धर्ममाता-धर्मपिता कोण होते? घरात हाक कोणत्या नावाने मारत?

शेवटचा प्रश्न वगळू नका. कॅरिबियनमध्ये माणसाचे घरचे नाव आणि कागदावरचे नाव वेगळे असणे सर्रास आढळते. सगळे गाव ज्याला एका नावाने ओळखते, त्याचा जन्मदाखला भलत्याच नावाचा निघतो. ऐकलेले प्रत्येक नाव जसे उच्चारले तसे देवनागरीत लिहून ठेवा. इथे आपल्या लिपीचा खरा फायदा होतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये हरवलेला ‘ठ’, ‘ध’, ‘छ’ देवनागरीत टिकतो आणि पुढे भारतातून गेलेल्या मजुराच्या इमिग्रेशन पासवरचे (प्रवासाच्या परवान्यावरचे) नाव ओळखताना तोच उपयोगी पडतो.

मग कागद गोळा करा: जन्म, विवाह व मृत्यूचे दाखले, जुने पासपोर्ट, जमिनीची खते, कौटुंबिक बायबलची पहिली पाने, अंत्यविधीच्या छापील पत्रिका, फोटोंच्या मागचा मजकूर. त्रिनिदाद, गयाना किंवा सुरीनाममधल्या भारतीय घरात एखाद्या ट्रंकेत जुना इमिग्रेशन दाखला असू शकतो. त्याची घडी जोर लावून उलगडू नका. आधी आहे तसा फोटो काढा.

हे सगळे एका तक्त्यात मांडा. प्रत्येक व्यक्तीसाठी सहा रकाने पुरतात: सापडलेली सर्व नावे, तारीख, गाव किंवा मळा, पॅरिश किंवा जिल्हा, पुरावा कोणता, आणि तो पुरावा आधीच्या पिढीशी कशाने जोडला जातो. सहावा रकाना रिकामा असेल तर वरच्या पिढीवर जाऊ नका. सारख्या नावाचा माणूस सापडला म्हणून तो आपला पणजोबा ठरत नाही. चुकीच्या वंशावळींचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

एखादा पुरुष १९०४ ते १९१४ च्या दरम्यान अचानक नोंदींतून नाहीसा झाला, तर पनामा डोळ्यांसमोर ठेवा. कालवा खोदायला बार्बाडोस आणि जमैकातून हजारोंनी माणसे गेली. कित्येक तिथेच मेले, कित्येक पुढे क्यूबा किंवा अमेरिकेला गेले. मृत्यूची नोंद बेटावर सापडत नाही, याचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

नोंदणी कार्यालय आणि चर्च

सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी प्रत्येक वसाहतीत वेगळ्या वर्षी सुरू झाली. त्रिनिदादमध्ये १८४८, जमैकात १८७८, बार्बाडोसमध्ये जन्माची नोंद १८९० पासून. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या वह्या पाहायच्या. जमैकाच्या अँग्लिकन वह्यांच्या नकला सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या आहेत. जमैका आणि बार्बाडोसच्या बऱ्याच नोंदी ‘फॅमिलीसर्च’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. खाते उघडावे लागते, पैसे लागत नाहीत. तिथे नसेल तेव्हाच जमैकाच्या रजिस्ट्रार जनरलकडे किंवा त्या त्या बेटाच्या कार्यालयात शुल्क भरून प्रत मागवा.

शोधताना पुढच्या अडचणी हमखास येतात.

जमैकाच्या जुन्या जन्मनोंदीत बाळाचे फक्त पहिले नाव असते, आडनाव नसते. आईवडिलांचे विवाहबंधन नसेल तर वडिलांचा रकाना रिकामा राहतो. त्यामुळे सूचीत मूल आईच्या आडनावाखाली सापडते, वडिलांच्या नाही. आईचे लग्नाआधीचे नाव माहीत नसेल तर शोध तिथेच थांबतो. म्हणून घरातल्या चौकशीत बायकांची माहेरची नावे आधी मिळवा.

जमैकाचे पॅरिशही बदलले. १८६७ पर्यंत २२ पॅरिश होते, ते १४ करण्यात आले. व्हिअर हा क्लॅरेंडनमध्ये गेला, मेटकाफ सेंट मेरीत, सेंट डेव्हिड सेंट थॉमसमध्ये, तर सेंट जॉन, सेंट डोरथी आणि सेंट थॉमस-इन-द-व्हेल हे तिन्ही सेंट कॅथरिनमध्ये. १८५० च्या बाप्तिस्म्यासाठी आजच्या पॅरिशची वही चाळत बसलात तर काहीच हाती लागणार नाही. आधी जुना नकाशा पाहून गाव त्या वर्षी कोणत्या पॅरिशमध्ये होते ते ठरवा.

त्रिनिदादमध्ये अडचण धर्माची आहे. हिंदू पद्धतीच्या विवाहांना तिथे १९४६ पर्यंत कायद्याची मान्यता नव्हती. अग्नीभोवती रीतसर लग्न केलेल्या जोडप्याची मुले सरकारी वहीत अनौरस म्हणून आणि पुष्कळदा आईच्या नावाने नोंदली गेली. दाखल्यावर तो शब्द पाहून कुटुंबातले लोक दुखावतात. प्रत दाखवण्याआधीच हा कायदा समजावून सांगणे शहाणपणाचे. त्याच बेटावर कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८६८ पासून भारतीयांमध्ये काम सुरू केले. त्यांच्या शाळा-चर्चमधून बाप्तिस्मा घेतलेल्यांना ख्रिस्ती पहिले नाव मिळाले आणि आधीचे भारतीय नाव आडनाव बनले. म्हणून हिंदू घराण्याचा शोध घेतानाही प्रेस्बिटेरियन वह्या पाहाव्या लागतात.

त्रिनिदादमधली फ्रेंच आडनावे पाहून गोंधळू नका. बेट स्पेनचे होते, पण १७८३ च्या स्पॅनिश फर्मानाने कॅथलिक मळेवाल्यांना जमिनी दिल्या आणि फ्रेंच बेटांवरून लोक आपल्या गुलामांसह आले. ब्रिटिशांचा ताबा १७९७ चा. जुन्या कॅथलिक वह्या स्पॅनिश आणि फ्रेंचमध्ये आहेत. एकच माणूस हुआन, जाँ आणि जॉन अशा तीन रूपांत भेटेल.

फाटा कुठे फुटतो

मागे जात जात १८३८ च्या आसपास पोचलात की वाट फुटते. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ ला कायद्याने संपली, पण ‘अप्रेंटिसशिप’ नावाची सक्तीची मजुरी १ ऑगस्ट १८३८ पर्यंत चालली. आफ्रिकी वंशाच्या घराण्यासाठी त्यामागे गुलामांच्या नोंदवह्या आहेत. भारतीय वंशाच्या घराण्याचा मळ्यावरचा इतिहास त्याच वर्षी सुरू होतो: हेस्परस आणि व्हिटबी ही जहाजे ५ मे १८३८ ला गयानाला पोचली. एकाच घराण्यात दोन्ही शाखा असतील तर प्रत्येक शाखेसाठी वेगळा तक्ता करा.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक इशारा. गयाना-त्रिनिदादमधले डिसूझा, फर्नांडिस, गोम्स पाहून गोव्याचे नाते लावण्याचा मोह होईल. ही घराणी बहुतांशी पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून आलेल्या पोर्तुगीज मजुरांची आहेत. गयानात ते १८३५ पासून येऊ लागले. आडनाव एकच, कारण पोर्तुगीज चर्च एकच, रक्ताचे नाते नाही. मदेराच्या पॅरिश वह्यांतच त्यांचा शोध घ्यायचा. चिनी घराण्यांत वेगळी गंमत घडली. चिनी पद्धतीत घराण्याचे नाव आधी येते आणि हाक मारताना नावाआधी ‘आ’ लावतात. कारकुनाने हेच ‘आ’सकटचे हाकेचे नाव आडनाव म्हणून लिहिले आणि खरे कुलनाव गळाले. त्रिनिदादचा कसोटीपटू एलिस अचाँग याचे आडनाव याच साच्यातले आहे.

आफ्रिकी शाखा: मालकाच्या कागदातून माणूस शोधणे

हा भाग जड आहे. इथे पूर्वज मालमत्तेच्या यादीत भेटतात, गुराढोरांच्या शेजारी. तरीही याच याद्यांनी लाखो माणसांची नावे जपली आहेत.

मुख्य साधन म्हणजे गुलामांच्या नोंदवह्या. त्रिनिदादमध्ये पहिली वही १८१३ ची, बहुतेक इतर वसाहतींत १८१७ पासून, आणि मग साधारण दर तीन वर्षांनी १८३४ पर्यंत. लंडनमधल्या क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘टी ७१’ या मालिकेत त्या आहेत. ‘अ‍ॅन्सेस्ट्री’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्यांची सूची शोधता येते.

शोधाची पद्धत अशी. प्रथम १८३८ ते १८७० दरम्यानच्या चर्चनोंदीत ‘राहण्याचे ठिकाण’ हा रकाना पाहा. तिथे मळ्याचे नाव असते. मुक्तीनंतरही पुष्कळ लोक त्याच मळ्यावर किंवा शेजारच्या मुक्त वस्तीत राहिले. मळा कळला की त्याचा मालक १८३४ साली कोण होता ते काढा. त्यासाठी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा ‘लेगसीज ऑफ ब्रिटिश स्लेव्हरी’ हा मोफत संग्रह आहे. ब्रिटनने मुक्तीच्या वेळी २ कोटी पौंड भरपाई दिली. ती मालकांना मिळाली, मुक्त झालेल्यांना एक पैही नाही. पण दावे दाखल झाल्यामुळे प्रत्येक मळा, मालक, गहाणदार आणि मुखत्यार यांची नोंद राहिली. मालकाचे नाव आणि पॅरिश हाती आल्यावर नोंदवही उघडा, कारण वह्या पॅरिश आणि मालक यांच्या क्रमाने लावलेल्या आहेत, गुलामांच्या नावांनी नाहीत.

जमैकाच्या वहीत नाव, त्वचेचा रंग, वय, ‘आफ्रिकन की क्रिओल’ आणि शेरा असे रकाने असतात. क्रिओल म्हणजे बेटावर जन्मलेला. शेऱ्यात पुष्कळदा आईचे नाव असते, आणि तेच सोने आहे. लक्षात ठेवा: १८१७ ची यादी पूर्ण आहे, नंतरच्या बहुतेक याद्यांत फक्त घट-वाढ आहे. म्हणजे १८०० साली जन्मलेली आणि शेवटपर्यंत त्याच मळ्यावर राहिलेली बाई १८१७ नंतर दिसणारच नाही. ती १८३२ मध्ये नाही म्हणून ‘मेली’ किंवा ‘विकली’ असे समजू नका. विक्री, मृत्यू, मुक्ती यांची नोंद घटीच्या यादीत वेगळी येते.

त्रिनिदादच्या १८१३ च्या वहीला मोल जास्त. तिथे आडनावे, कुटुंबातली नाती, उंची, अंगावरच्या खुणा आणि आफ्रिकेत जन्मलेल्यांसाठी इबो, काँगो, मँडिंगो असे समाजाचे नावही आहे. मात्र हे नाव लिहिणाऱ्याने ऐकलेले आहे. कित्येकदा ते माणसाच्या खऱ्या समाजापेक्षा जहाज जिथून सुटले त्या किनाऱ्याचे असते. ते दिशा दाखवते, गाव दाखवत नाही.

नाव जुळवताना वयाला पाच वर्षे मागे-पुढे सूट द्या, आईचे नाव आणि मळा मात्र जुळलाच पाहिजे. १८२० च्या दशकात जमैकात मोठ्या प्रमाणावर बाप्तिस्मे झाले, तेव्हा एकेरी नावाच्या माणसाला पहिले नाव आणि आडनाव मिळाले. वहीच्या शेऱ्यात कधी ‘उर्फ’ लावून दोन्ही नावे दिलेली असतात. अशी एक ओळ सापडली तर तिची प्रत मूळ पानासकट जपून ठेवा. जुने आयुष्य आणि नवे नाव यांना जोडणारा तो एकमेव पूल असतो.

ती आडनावे आली कुठून

सर्वांत मोठा गैरसमज: आडनाव म्हणजे शेवटच्या मालकाचे नाव. कधी तसे असते, पुष्कळदा नसते. ते आधीच्या मालकाचे असेल, मळ्याच्या गोऱ्या मुकादमाचे, हिशेबनिसाचे, बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचे, धर्मपित्याचे, किंवा खऱ्या जैविक पित्याचे. काहींनी जाणूनबुजून मालकाचे नाव टाळले. म्हणून त्या मळ्याशी १७८० ते १८४० दरम्यान संबंध आलेल्या सर्व गोऱ्या माणसांची यादी करा, शेजारच्या दोन-तीन मळ्यांसकट, आणि मग आडनाव जुळवा. कॅम्पबेल नाव आहे म्हणून थेट स्कॉटलंडच्या किल्ल्यांकडे धावलात तर बहुधा मालकाची वंशावळ शोधत बसाल, आपली नाही.

काही आडनावे मात्र आफ्रिकेतूनच आली. आजच्या घानातल्या आकान लोकांत जन्मवारावरून नाव ठेवतात: सोमवारी जन्मलेला कजो, बुधवारचा क्वाको, शुक्रवारचा कफी, रविवारचा क्वाशी, मुलींत सोमवारची जुबा, शुक्रवारची फिबा. आपल्याकडे सोम्या, मंगळ्या, बुध्या ही नावे अशीच पडली. आजच्या गयानातल्या बर्बिस येथे १७६३ मध्ये झालेल्या गुलामांच्या उठावाचा पुढारी कफी याच नावाचा. कजो, कफी ही नावे आज आडनाव म्हणून टिकलेली आढळतात. यादीत असे नाव आणि ‘आफ्रिकन’ हा शेरा एकत्र दिसला, तर माणूस गोल्ड कोस्टकडचा, म्हणजे आजच्या घानाच्या किनाऱ्याकडचा, असण्याची शक्यता वाढते. ‘क्रिओल’ शेरा असेल तर हे नाव आईवडिलांपैकी कोणीतरी चालवलेले असू शकते.

डचांच्या ताब्यातल्या सुरीनाममध्ये आडनावे एका दमात वाटली गेली. तिथे मुक्ती १ जुलै १८६३ ला झाली आणि मुक्तीच्या नोंदवहीत प्रत्येकाला आडनाव देण्यात आले. मालकाचे नाव जसेच्या तसे देता येत नसल्यामुळे ते उलटेसुलटे केले गेले: डी व्हरीसचे व्हरीसडे, विल्केन्सचे केन्सविल. डच गावांची नावेही आडनावे म्हणून दिली. मग अशा आडनावाचे तुकडे उलट क्रमाने लावून पाहा, मालकाचे नाव निघते आणि त्यावरून मळा. सुरीनामच्या १८३० ते १८६३ च्या गुलाम नोंदवह्या आणि मुक्तीच्या याद्या आता ऑनलाइन शोधता येतात. मार्टिनिक आणि ग्वादलुप या फ्रेंच बेटांवर १८४८ च्या मुक्तीनंतर अधिकाऱ्यांनी अशाच पद्धतीने नावे बनवली. फ्रान्सच्या एक्स-आँ-प्रोव्हान्स येथील सागरपार अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर तिथल्या नागरी नोंदी मोफत आहेत.

भारतीय शाखा: जहाज, पास, गाव

१८३८ ते १९१७ दरम्यान गयानाला सुमारे २ लाख ३९ हजार, त्रिनिदादला १ लाख ४४ हजार, सुरीनामला ३४ हजार, जमैकाला ३६-३७ हजार भारतीय गिरमिटावर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीच्या करारावर, गेले. फ्रेंच ग्वादलुपला सुमारे ४२ हजार. ब्रिटिश वसाहतींची आणि सुरीनामची बहुतेक जहाजे कोलकात्याहून, काही मद्रासहून सुटली. मुंबईहून मजूर गेले ते प्रामुख्याने मॉरिशसला. म्हणून मराठी गिरमिटियांचा शोध मॉरिशसमधल्या मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरात घ्यायचा, त्रिनिदादमध्ये नाही. कॅरिबियनच्या नोंदींत प्रामुख्याने आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधले भोजपुरी-अवधी बोलणारे लोक भेटतात, त्याखालोखाल तमिळ-तेलुगू.

इथे शोधाचे ध्येय एकच: इमिग्रेशन पास. कोलकात्याच्या पासवर जहाजाचे नाव, क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, परगणा किंवा ठाणे, गाव आणि जवळचा नातेवाईक असे सर्व असते. सुरुवातीच्या वर्षांतले पास त्रोटक आहेत.

पासपर्यंत पोचण्याचा रस्ता क्रमांकातून जातो. अडचण अशी की एका माणसाला एकापेक्षा जास्त क्रमांक असत: कोलकात्याच्या डेपोचा (जहाज सुटेपर्यंत मजुरांना ठेवत त्या छावणीचा), जहाजावरचा, आणि वसाहतीत उतरल्यावर नोंदणीचा. सापडलेला क्रमांक कोणता हे न ठरवता दप्तरात मागितलात तर दुसऱ्याच माणसाचा पास मिळेल. क्रमांकाबरोबर जहाज आणि वर्ष नेहमी लिहा. गयानात जन्मलेल्या मुलांच्या जुन्या जन्मनोंदीत आईवडिलांच्या जहाजाचे नाव, वर्ष आणि क्रमांक दिलेले आढळतात. त्यामुळे पूर्वजाची स्वतःची नोंद मिळत नसेल तर त्याच्या मुलांचे, विशेषतः थोरल्या मुलाचे, दाखले काढा.

दप्तरे अशी आहेत. त्रिनिदादसाठी पोर्ट ऑफ स्पेनचे राष्ट्रीय अभिलेखागार, गयानासाठी जॉर्जटाउनचे वॉल्टर रॉडनी राष्ट्रीय अभिलेखागार. सुरीनामचे काम सर्वांत सोपे, कारण १८७३ ते १९१६ च्या हिंदुस्तानी मजुरांची पूर्ण नोंद नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येते. त्यात मळा, गाव, जात, पुढे भारतात परतला की नाही, असे बरेच मिळते. या सगळ्या मजूर-नोंदींचा समावेश युनेस्कोने २०११ मध्ये ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’मध्ये केला आहे. त्रिनिदाद किंवा गयानाला पत्र लिहिताना नाव, वडिलांचे नाव, जहाज, वर्ष, क्रमांक आणि मळा एकाच पानावर द्या. ‘आमचे पूर्वज शोधा’ एवढेच लिहिलेल्या पत्राचे काही होत नाही.

आडनावाचा उगम इथे जवळजवळ नेहमी वडिलांच्या नावात आहे. पासवर ‘रामचरण, बापाचे नाव शिवप्रसाद’ असे असते, मुलांच्या दाखल्यावर ‘रामचरण’ आडनाव होते. म्हणजे आडनावाचा मालक बहुधा जहाजातून उतरलेला माणूस स्वतः असतो किंवा भारतातच राहिलेला त्याचा बाप. भारतात त्या आडनावाचे घराणे शोधणे व्यर्थ आहे, कारण गावाकडे त्याचे भाऊबंद कधीच ‘रामचरण’ म्हणवत नव्हते. सख्ख्या भावांची आडनावेही वेगळी निघू शकतात.

स्पेलिंग सोडवताना आधी भोजपुरी उच्चार करा आणि मग कारकुनाचा कान लावा. भोजपुरीत ‘व’चा ‘ब’, ‘श’चा ‘स’, ‘क्ष’चा ‘छ’ होतो: वासुदेवचा बासदेव, शिवचा सिउ, लक्ष्मणचा लछमन, विष्णूचा बिसुन. सिउप्रसादचा इंग्रजीत सीपरसाद झाला. प्रसादचे गयानात परसॉड, त्रिनिदादमध्ये परसॅड. सुखदेव सूकदेव झाला, कृष्ण किसून झाला. महाराज हे ब्राह्मणाला हाक मारण्याचे संबोधन, ते ‘महाराज’ किंवा ‘मराज’ असे आडनाव बनले. सुरीनाममध्ये डच लेखनाचा फेरा: ‘ओ-ई’ ही अक्षरजोडी ‘उ’ वाचा, ‘डी-जे’ म्हणजे ‘ज’, ‘टी-जे’ म्हणजे ‘च’. मद्रासी घराण्यांत ‘सॅमी’ हा शेवट बहुधा ‘सामी’चा, म्हणजे स्वामीचा. पण नुसते ‘सॅमी’ असेल तर ते सॅम्युएलचे लाडके रूपही असू शकते, म्हणून पास हाती येईपर्यंत ठरवू नका. संगणकावर शोधताना पहिली तीन-चार अक्षरे देऊन पुढे तारांकन टाका. जहाजांच्या नावांचीही तीच गत: त्रिनिदादला ३० मे १८४५ ला पोचलेल्या पहिल्या जहाजाचे ‘फतेल रझाक’ हे नाव तीन-चार प्रकारे लिहिलेले आढळते.

पासवरच्या जातीवर आंधळा विश्वास नको. डेपोत किंवा जहाजावर कित्येकांनी जात बदलून सांगितली, कधी भरतीत अडथळा नको म्हणून, कधी नवे आयुष्य सुरू करायचे म्हणून. वय अंदाजे असते. बाईच्या पासवर वडिलांचे नाव असते, त्याला नवऱ्याचे समजू नका. ब्रिटिश वसाहतींत साधारणपणे पाच वर्षांचा गिरमिट आणि एकूण दहा वर्षांचा निवास झाल्यावर परतीचा प्रवास मिळत असे, आणि परतलेले काही जण पुन्हा दुसऱ्या जहाजाने आले. म्हणून एकाच माणसाचे दोन पास निघू शकतात. अंगावरची खूण, ‘डाव्या पोटरीवर जखमेचा वण’ अशी, दोन्हीकडे सारखी असेल तर माणूस एकच.

पासवरून गावापर्यंत

जिल्हा आधी आजच्या नकाशात बसवा. शहाबाद आज भोजपूर, बक्सर, रोहतास आणि कैमूर अशा चार जिल्ह्यांत वाटला गेला आहे. सारणमधून सिवान आणि गोपालगंज निघाले. आझमगढमधून मऊ, बस्तीमधून सिद्धार्थनगर आणि संत कबीर नगर. फैजाबादचे नाव २०१८ पासून अयोध्या. पासवरचे ठाणे किंवा परगणा हा खरा चाळणीचा दुवा आहे, कारण एकाच नावाची दहा-बारा गावे एका जिल्ह्यात असतात. जनगणनेच्या ग्रामसूचीत त्या ठाण्याच्या परिसरातली सारख्या उच्चाराची सर्व गावे काढा आणि मगच प्रवासाचे तिकीट काढा. आणखी एक फसवी गोष्ट: मजुराची नोंदणी जिथे झाली ते ठिकाण घरापासून दूर असू शकते. आरकाटी, म्हणजे मजूर भरती करणारे दलाल, बनारस, अयोध्येसारख्या ठिकाणी माणसांना गाठत. नोंदणीचे ठिकाण आणि घरचे गाव हे दोन रकाने मिसळू नका.

गावात गेल्यावर नाव सांगून कोणी ओळखणार नाही. पासवरचे वडिलांचे नाव, जवळच्या नातेवाइकाचे नाव आणि जात घेऊन त्या टोल्यातल्या (वस्तीतल्या) सर्वांत वृद्ध माणसाला भेटा. ‘कलकत्त्याला गेला आणि परत आला नाही’ अशी कोणाची आठवण घरात आहे का, असे विचारा. मिरीच म्हणजे मॉरिशस, चीनीदाद म्हणजे त्रिनिदाद, हे जुने शब्द वापरा. जमिनीचे कागद उत्तर प्रदेश आणि बिहारच्या भूलेख संकेतस्थळांवर प्राथमिक पाहता येतात. जुने मात्र तहसिलीत, आणि बिहारमधले पुष्कळसे कैथी लिपीत. आपल्याकडे मोडीसाठी जाणकार शोधावा लागतो तसा तिथे कैथी वाचणारा आधीच ठरवून ठेवा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जशा नामावळीच्या वह्या असतात, तशा गया आणि प्रयागच्या पंड्यांकडे बह्या आहेत. परदेशी गेलेल्याचे नाव तिथे क्वचित मिळेल, पण त्याच्या बापाचे किंवा भावाचे, गाव आणि जात सांगितल्यावर, मिळू शकते.

डीएनए कधी आणि किती

कागद संपले की डीएनए, त्याआधी नाही. सर्वांत वृद्ध नातेवाइकाची चाचणी आधी करा. प्रत्येक पिढीत पूर्वजाचा वाटा निम्मा होतो, त्यामुळे आजीचा नमुना नातवाच्या नमुन्यापेक्षा दोन पिढ्या जवळचा असतो. सर्वसाधारण ऑटोसोमल चाचणी, म्हणजे आई आणि वडील दोन्हीकडच्या पूर्वजांचा अंश तपासणारी, पाच-सहा पिढ्यांपर्यंत उपयोगी. त्यात ‘नायजेरिया ३० टक्के’ असे जे आकडे येतात ते अंदाज आहेत, त्यांच्यावरून गाव ठरवू नका. खरा उपयोग जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीचा. सख्खे चुलत भाऊ साधारण १२.५ टक्के डीएनए वाटून घेतात. आडनाव जैविक गोऱ्या पित्याकडून आले का हे पाहायचे असेल तर घराण्यातल्या सलग पुरुष-शाखेतल्या पुरुषाची वाय-गुणसूत्र चाचणी लागते. छोट्या बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्ने झाल्यामुळे दूरचे नाते जवळचे भासते. अशा जुळण्या कागदाशी ताडल्याशिवाय वंशावळीत टाकू नका. भारतीय शाखेसाठी निकाल तूर्त निराशाजनक असतात, कारण पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये चाचणी करून घेणारे फार थोडे.

भारताच्या ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओळखपत्रासाठी) हा शोध घेणाऱ्यांनी एक साखळी आधीपासून जमवावी: पास, त्यावरच्या माणसाच्या मुलाचा जन्मदाखला, त्याच्या मुलाचा, असे अर्जदारापर्यंत. सुरीनामच्या भारतीय वंशीयांसाठी २०२३ मध्ये आणि त्रिनिदादसाठी २०२५ मध्ये ही सोय सहाव्या पिढीपर्यंत वाढवण्याची घोषणा झाली. अर्ज बहुधा अडतो तो नावातल्या फरकावर, पासवर ‘लछमन’ आणि दाखल्यावर ‘लचमन’. त्यामुळे दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे प्रतिज्ञापत्र त्या देशातल्या नोटरीकडून करून घ्या, आणि अर्जात जोडायच्या प्रत्येक दाखल्याची प्रमाणित प्रत मागवा. घरच्या मूळ कागदांची रंगीत स्कॅन प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मूळ कागद प्लास्टिकच्या चिकट फोल्डरमध्ये घालू नका. कॅरिबियनच्या दमट हवेत शाई प्लास्टिकला चिकटते. आम्लरहित कागदात घडी न घालता सपाट ठेवा.